तीन बोटांचं माप

तलावावर कायदा एकच होता आणि तो नानांच्या उजव्या हाताला होता. अंगठ्याशेजारची तीन बोटं जोडून सरळ धरायची आणि जाळ्याच्या डोळ्यातून दुसऱ्या पेरापर्यंत आत घालायची. न घासता गेली तर जाळं पाण्यात. घासली तर आगीत. त्यासाठी घाटावर एक लोखंडी पिंप ठेवलेलं होतं. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते सकाळपासूनच पेटवून ठेवत, म्हणजे कुणाला विचार बदलायला वेळ मिळत नसे.

कायदा चाळीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा लोक मच्छरदाण्या फाडून पाण्यात लावत. अंड्यातून कालच बाहेर पडलेलं पिल्लूसुद्धा टोपलीत यायचं. तीन वर्षांत तलावात फक्त पाणी उरलं. नाना तेव्हा तिशीतले. त्यांनी एकट्याने घाटावर उभं राहून पहिली मच्छरदाणी जाळली, मार खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी जाळली. पाच वर्षांनी मासा परत आला, हातभर लांब, कल्ल्यापाशी काळा ठिपका असलेला. नानांनी तलाव वाचवला हे खरंच होतं, आणि म्हणूनच पुढचं सगळं अवघड झालं. चुकणाऱ्या माणसाशी भांडता येतं. एकदा बरोबर ठरून बसलेल्या माणसाचं काय करायचं, ते अजून कुणाला सापडलेलं नाही.

आता नाना सत्तरीत होते. त्यांची बोटं संधिवाताने सुजली होती, पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती. बोटं जाड झाली तसा कायदाही जाड झाला. बाकीच्यांची जाळी वर्षातून एकदाच मापली जायची. घरचं जाळं मात्र अंगणात वाशावर वाळत असायचं, आणि नाना येता-जाता त्यात बोटं घालायचे. कुठे घासलं की हाक मारायचे, “सूनबाई, हा डोळा उसवून मोठा कर.” सून उसवायची, पुन्हा विणायची. असं करत करत तलावावरचं सगळ्यांत मोठ्या डोळ्यांचं जाळं नानांच्याच घरचं झालं. त्यातून पाणी जायचं, मासा जायचा, आणि शेजारणी म्हणायच्या की अजून दोन वर्षांनी होडीसुद्धा जाईल.

घरात माणसं तीन. नाना, त्यांचा धाकटा मुलगा आणि सून. थोरला पंधरा वर्षांपूर्वी गेला, म्हणजे खडी फोडायला गेला. त्याचं जाळं घासलं होतं. तो बापाला भर घाटावर म्हणाला होता, “बोटं आत घाला, नाना, बोट दाखवू नका.” नानांनी जाळं जाळलं आणि त्याला पाण्यावरून उठवलं. तेव्हापासून तलावावर उलट उत्तर असं कुणी दिलं नव्हतं. जे देणारे होते ते एकेक करून उठवले गेले होते. उरले ते मान हलवणारे. धाकटा त्यांत अग्रगण्य. तो इतका बारीक आणि हळू होता की घरात शिरला तरी दाराला कळत नसे.

गेल्या हंगामाच्या शेवटी सून घाटावरच्या ओट्यावर मासे साफ करत होती. बाजूला चार-पाच बायका होत्या. तिने तळहाताएवढा एक मासा घेतला, पोटावर सुरी फिरवली आणि थांबली.

“काय गं, बोट कापलंस?” शेजारच्या म्हातारीने विचारलं.

“गाबोळी आहे.”

“एवढुशात?”

सुनेने पोट उघडून दाखवलं. पिवळी, अंड्यांनी गच्च भरलेली. तिने दुसरा घेतला, तिसरा घेतला. सगळे गाभण.

“अगं बाई,” म्हातारी म्हणाली, “दुधाचे दात पडले नाहीत आणि डोहाळे!”

बायका हसल्या. सून हसली नाही. हे ती तीन वर्षं बघत होती. आधी वीतभर माशात गाबोळी दिसली, मग टीचभर, आता तळहाताएवढ्यात. सुरीला जे कळत होतं ते होडीतल्या पुरुषांना कळत नव्हतं, कारण मासा आतून कसा आहे हे बघण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

त्याच दिवशी मोजणीवाली बाई आली. ती दरवर्षी यायची. हातात स्टीलची पट्टी, गळ्यात चष्मा. मासे मोजायची, त्यांचे खवले पाकिटात भरायची आणि चहा नको म्हणायची. तिने सुनेच्या पाटीतले मासे मोजले आणि नाना बसले होते त्या दगडापाशी गेली.

“नाना, मासा लहान नाहीये. म्हातारा आहे.”

“मला म्हणताय?”

“माशाला. हा पूर्ण वाढलेला आहे. याहून मोठा होणार नाही. चाळीस वर्षं तुम्ही मोठे तेवढे काढलेत. जे लहान अंगाचे होते, लवकर वयात येत होते, ते डोळ्यातून सुटले. पोरं त्यांनाच झाली. आणि पोरं आई-बापांवर जातात.”

“मासा काय शाळेत जातो शिकायला?”

“तो शिकत नाही हो. न शिकलेले मरतात. उरलेले शिकल्यासारखे दिसतात.”

नानांनी तलावाकडे बघितलं. “मग काय करू म्हणता?”

“काही वर्षं मोठा दिसला की सोडा. मधला धरा.”

“मोठा सोडू?” नाना पहिल्यांदाच हसले. “बाई, मोठा सोडायचा तर जाळं कशाला टाकू? नमस्कार करायला?”

बाईने त्यांच्या हाताकडे बघितलं. मग परवानगी न विचारताच पट्टी त्यांच्या तीन बोटांवर आडवी धरली आणि वहीतलं एक जुनं पान उलटलं. “आठ वर्षांपूर्वी मापली होती. तेव्हापासून जवळजवळ एका बोटाने वाढलीत. माशाचं माप खाली, तुमचं वर.”

नानांनी हात खिशात घातला.

जाताना बाई ओट्यापाशी थांबली. सुनेला म्हणाली, “आणखी एक गंमत असते. जाळ्यावर धावून जाणारे मासे आधी संपतात. मागे राहतात ते बुजरे, कडेकडेने जाणारे. त्यांचीच प्रजा वाढते.”

“आमच्याकडेही तसंच झालंय,” सून म्हणाली. समोर धाकटा होडी बांधत होता. दोर त्याने तिसऱ्यांदा तपासला.

खरी अडचण वेगळीच होती. सलग दोन हंगाम ज्याची टोपली भरत नाही त्याची घाटावरची जागा जाते, हाही नानांचाच नियम. आळशी माणसाने जागा अडवू नये म्हणून केलेला. गेल्या हंगामात टोपली न भरलेलं घर एकच होतं, नानांचं. बाजारात त्यांचे मासे तराजूत पडेनात. विकणारीने ते कोपऱ्यात सारले आणि वर पुठ्ठा ठेवला, ‘मांजरांसाठी’. सून तिथेच उभी होती. एका गिऱ्हाइकाने विचारलं, “ताजे आहेत ना? आमची मनी फार चिकित्सक आहे.” सूनच बोलली, “ताजे आहेत.”

जागा गेली की होडी जाणार, ओटा जाणार, आणि दिराशेजारी खडी फोडायला बसावं लागणार. दिराची बायको तिने एकदा पाहिली होती. तिच्या भुवयांवरची दगडाची धूळ धुऊनही निघत नव्हती.

मासेमारी बंद असते ते तीन महिने सुनेने नवं जाळं विणलं. निळ्या नायलॉनचं. विणण्याची सुई तिच्या तर्जनीच्या त्याच जागी घासायची, तिथे आधी फोड आला, मग घट्टा, मग घट्ट्याला भेग. डोळा दोन बोटांचा. धाकट्याने पहिल्या आठवड्यातच ओळखलं.

“अगं, हा बारीक होतोय.”

“मासा बारीक झालाय.”

“नाना जाळतील.”

“मग तुम्ही बोला त्यांच्याशी.”

“शिसं मी बांधून देतो,” असं म्हणून धाकट्याने कडेला शिशाच्या गोळ्या बांधायला घेतल्या. मदत म्हणजे एवढीच.

हंगामाच्या पहिल्या दिवशी घाटावर तीस जाळी रांगेत मांडली गेली. सगळ्यांनी ती लाकडाच्या ठोकळ्यावर विणली होती, आणि ठोकळे नानांच्या गेल्या वर्षीच्या बोटांचे होते. नानांनी पहिल्या जाळ्यात बोटं घातली. घासली. जाळं पिंपात गेलं. दुसऱ्यात घातली. घासली. नायलॉनचा काळा, चिकट धूर लोकांच्या तोंडावर आला. लोक खोकले, पण बेताने. ज्याचं जाळं जळत होतं तो म्हणाला, “खरंय नाना, जरा घट्टच झालं होतं.” मच्छीमार सोसायटीचे चेअरमन म्हणाले, “नियम म्हणजे नियम.” त्यांचं जाळं रांगेत शेवटी होतं, आणि त्यांनी आपल्या गड्याला ते हळूच घरी न्यायला सांगितलं होतं.

तिसरं जाळं निळं होतं.

“हे कुणाचं?” नानांनी विचारलं. त्यांची नजर अधू झाली होती.

“आपलंच, मामंजी.”

नानांनी जाळ्याचा डोळा चाचपला. “तू विणलंस?”

“हो. तुमची बोटं सुजलीत. त्याला जाळ्याने काय करावं? आणि आता मासा एवढाच आहे. पोटुशी असते तीही एवढीच.”

पंधरा वर्षांत एवढं लांब वाक्य तिथे कुणी बोललं नव्हतं. धाकटा होडीच्या पलीकडे काहीतरी शोधायला वाकला.

नानांनी तीन बोटं जोडली आणि निळ्या डोळ्यात घातली. पहिल्या पेराशी अडली. त्यांनी जोर केला. आणखी केला. बोटं जात नाहीत हे ते दाखवत होते, की जावीत म्हणून ढकलत होते, हे नंतरही कुणाला सांगता आलं नाही. पेरं आत गेली आणि मग मागे येईनात. मासा कल्ल्याशी अडकतो तशी ती गाठीमागे अडकली. बोटं आधी लाल झाली, मग जांभळी.

“कात्री आण,” कुणीतरी म्हणालं.

“जाळ्याला कात्री लावायची नाही,” नाना म्हणाले. “जाळं जाळतात, कापत नाहीत. कापलेलं पुन्हा सांधता येतं.”

त्यांनी हात हिसडला. दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी दोरा तुटला, कातडी सोलवटली आणि रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं. नानांनी डाव्या हाताने तीन महिन्यांचं निळं जाळं उचललं आणि पिंपात टाकलं. सून बघत होती. तिने तर्जनी मुठीत मिटून घेतली होती.

“बाकीची आठ दिवसांनी,” नाना म्हणाले. “डोळे मोठे करून आणा.”

दुपारी सुनेने गरम पाण्यात मीठ टाकून त्यांचा हात धुतला. मधल्या बोटाला आणि शेजारच्या बोटाला, पेराच्या खाली, जखमेच्या आत निळा दोरा रुतलेला होता. दोन्ही बोटांना मिळून एक फास. वर सूज चढत होती, दोरा बुडत होता. सुईच्या टोकाने निघाला असता.

“दुखतंय का?” तिने विचारलं.

“दुखण्याचं काय विचारतेस? बांध.”

तिने फडकं बांधलं.

तिसऱ्या दिवशी ती होडी धुवायला गेली असताना पट्टी धाकट्याने बदलली. ती परत आली तेव्हा तो जरा जास्तच वेळ हात धूत होता.

“बघितलं?” तिने विचारलं.

“काय?”

“काही नाही.”

“नाही, तसं काही नाही,” धाकटा म्हणाला, आणि घोट घोट पाणी प्यायला.

चौथ्या दिवशी चेअरमन समाचाराला आले. वाकून हात बघितला, वासाने थोडे मागे सरले. “नाना, सूज आहे, उतरेल. तुमचा पिंड जुना.” बाहेर आल्यावर सुनेला म्हणाले, “वहिनी, आतल्या बाजूला काहीतरी निळं…”

“निळं?”

“शीर असेल,” चेअरमन म्हणाले. “म्हातारपणी शिरा दिसतात.”

पाचव्या दिवशी आणखी चौघे येऊन गेले. सगळ्यांनी आदराने हात बघितला. नियमाविरुद्ध कुणी चकार शब्द काढला नाही. बोटं आता वांग्याच्या रंगाची झाली होती आणि टोकाशी थंड होती. नाना अंगणात बसून राहायचे आणि दुखणं ही जणू दुसऱ्याच्या घरातली भानगड आहे अशा चेहऱ्याने समोर बघायचे. सहाव्या दिवशी कंपाउंडर येऊन म्हणाला, “शहरात न्या, आजच.” चेअरमनच्या गाडीचं चाक नेमकं त्याच दिवशी काढून ठेवलेलं होतं. सातव्या दिवशी ताप डोक्यात गेला. नाना जाळलेल्या जाळ्यांच्या मालकांची नावं घेऊ लागले. तेव्हा धाकट्याने त्यांना मासळीच्या हातगाडीवर घालून बसपर्यंत नेलं.

डॉक्टर तरुण होता. त्याने चिमट्याने दोरा काढून स्टीलच्या ताटलीत ठेवला.

“पट्टी कोण बदलत होतं?”

“मी,” सून म्हणाली.

“हा दिसला नाही?”

“रक्त फार होतं.”

डॉक्टरने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने भिंतीवरचा लस टोचण्याचा तक्ता वाचायला घेतला होता. दोन्ही बोटं मुळापासून काढावी लागली.

दहा दिवसांनी नाना घरी आले. त्यांच्या शर्टाची बटणं आता सुनेला लावावी लागत. तिसऱ्या सकाळी ती वरचं बटण लावत असताना ते म्हणाले, “तुला दिसला होता.”

“हो.”

“मग?”

“तुम्हीच म्हणालात, कात्री लावायची नाही.”

नानांनी मान वर केली, म्हणजे तिला कॉलरचं बटण लावता यावं. तिने लावलं.

राहिलेली तपासणी त्याच आठवड्यात झाली. पिंप पेटवलेलं होतं, पण नुसतं रीत म्हणून. नाना दगडावर बसले. चेअरमनने चार वाक्यं नानांच्या उपकारांवर बोलून घेतली. मग थांबून म्हणाले, “पण आता मापाचं काय करायचं, एवढाच प्रश्न आहे.”

नानांनी डावा हात वर केला. तीन बोटं जोडलेली, सुजलेली, सरळ.

लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. याचा विचार कुणी केलाच नव्हता. एका बाजूने माणूस अर्धा मेला तरी त्याला दुसरी बाजू असते, हे घाईत राहूनच गेलं होतं.

“डावा?” चेअरमन सावकाश म्हणाले. “नाना, डाव्या हाताने कुणी माप घालतं का? पाणी आपलं पोट भरतं. त्याला डावा हात लावायचा?”

“कधीच नाही,” मागून कुणीतरी म्हणालं.

“पाप लागेल,” दुसरा म्हणाला. त्याने ते पाप त्याच क्षणी शोधून काढलं होतं.

“माप घरातच राहील,” चेअरमन म्हणाले. “बापाचं लेकाला. धाकटेराव, या पुढे.”

“मी? छे छे, मी कसला…” धाकटा म्हणाला. तोवर त्याचा उजवा हात पुढे आलेला होता. त्याची बोटं लांब, बारीक, बाईच्या बोटांसारखी. पहिल्या जाळ्यात ती अलगद गेली. दुसऱ्यात गेली. चेअरमनच्या जाळ्याचा डोळा जरा लहान होता, तर धाकट्याने मधलं बोट किंचित शेजारच्या बोटावर चढवलं, आणि तीही गेली. ही युक्ती त्याला कुणी शिकवली नव्हती.

नानांचा डावा हात अजून वरच होता. सुनेने तो धरून खाली घेतला.

बायकांच्या मदतीने तिने पंधरा दिवसांत नवं जाळं विणलं, दीड बोटाचं. पहिल्याच दिवशी टोपली भरली. दुसऱ्या दिवशी वर रास झाली. घाटावरची जागा राहिली, होडी राहिली, ओटा राहिला. ओट्यावर मात्र काम उरलं नाही. एवढासा मासा चिरता येत नाही, पोटासकट तसाच तळावा लागतो. शेजारची म्हातारी रिकामी सुरी मांडीवर ठेवून बसायची.

पुढच्या हंगामात धाकट्याने दोन बोटं पूर्ण एकावर एक घेतली. त्याच्या पुढच्याला तिन्हींची मोळी केली. लोक म्हणायचे, माणूस किती समजूतदार. चेअरमन एकदा सहज म्हणाले, “वहिनींची बोटं बघू जरा.”

मोजणीवाली बाई आली तेव्हा तिने चष्मा डोळ्याला लावला. आता पट्टीवरच्या बारीक रेघा लागत होत्या.

“किती?” सुनेने विचारलं.

“करंगळीएवढा. आणि गाभण.”

“म्हणजे अजून टिकून आहे की,” धाकटा आनंदाने म्हणाला.

“टिकेल. आणखी थोडा लहान होईल. मग एक वेळ अशी येते की पोटात अंडं मावत नाही.”

“मग?”

“मग काही नाही,” बाई म्हणाली आणि वही मिटली. पाकिटात भरायला तिला खवला सापडला नव्हता.

त्या दिवशी दुपारी सुनेने नानांपुढे ताट ठेवलं. वीसेक मासे, अख्खे तळलेले, डोक्यासकट. नानांनी ताटावर वाकून बघितलं.

“हे कुठल्या डोळ्यातले?”

“तुमच्या मुलाच्या बोटांतले.”

त्यांनी ताट सरकवलं. सुनेने ते उचलून बाजूला ठेवलं आणि त्यावर झाकण घातलं. दुसरं काही तिने शिजवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच ताट तिने गरम करून पुढे ठेवलं. नानांनी पाणी मागितलं, ते प्यायले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी उजव्या हाताच्या उरलेल्या बोटात आणि अंगठ्यात एक मासा धरला. तो दोनदा निसटून ताटात पडला. तिसऱ्यांदा तोंडापर्यंत पोचला. आतली अंडी दातांखाली फुटल्याचा आवाज सुनेला चुलीपाशी ऐकू आला. नानांनी दुसरा उचलला. मग तिसरा. धाकटा उंबऱ्यात उभा राहून बघत होता. बाप जेवतो आहे हे बघून तो हळूच बाहेर गेला.

ताट रिकामं झालं. नानांनी बोटं चाटली आणि ताट पुढे केलं.

“आणखी आहेत?”

“आज आहेत,” सून म्हणाली आणि वाढायला उठली.